पोटांतील अज्ञात प्रदेश



लहान मुलाचें पोट दुखूं लागलें म्हणजे घरांतील वडील माणूस त्याला पहिला प्रश्न विचारतें तो हा, कीं "बाळ, कोठें दुखतें तें दाखव पाहूं." मूल चार-पांच वर्षांचें असेल तर तें आपला हात बेंबीवर ठेवतें. दुखणें जठराचें असो, आंतड्याचें असो, कीं शाळेच्या भीतीचें असो, हात जातो तो बेंबीवरच. त्याहून लहान मूल तेवढेंहि सांगत नाहीं. तें रडतें, पाय पोटाशीं ओढून घेतें, घांस नाकारतें. आणि कधीं कधीं यांपैकीं कांहींच न करतां नुसतें फिकट पडत जातें व वजनाच्या कांट्यावर महिनोनमहिने जागच्या जागीं राहतें. प्रौढ रोगी वैद्याला निदान अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. बालकाच्या बाबतींत ती सगळी वाट वैद्याला एकट्यानेंच चालावी लागते.

मनुष्याच्या पोटांत डोकावून पाहण्याच्या साधनांची गरज कोणाला सर्वांत अधिक, असें कोणी विचारलें तर उत्तर एकच येईल: ज्याला आपलें दुखणें बोलून दाखवितां येत नाहीं त्याला. परंतु या साधनांचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला तर क्रम नेमका उलटा दिसतो. प्रत्येक साधन आधीं प्रौढाच्या मापानें घडलें. मूल त्याच्यापाशीं पोंचलें तें मागाहून. गिळावयाच्या कॅमेऱ्याची, म्हणजे कॅप्सूल एंडोस्कोपीची, कथा हा या इतिहासाचा एक अलीकडचा अध्याय आहे. त्यांत बालकाच्या वांट्याला काय आलें, हें आज पाहावयाचें आहे.

आधीं या प्रदेशाचा नकाशा डोळ्यांपुढें आणूं. तोंडापासून खालीं अन्ननलिका, तिच्याखालीं जठर, जठराच्या शेवटीं एक अरुंद दार, आणि त्या दारापलीकडे लहान आंतडें. त्याचें नांव लहान असलें तरी लांबी लहान नाहीं. प्रौढ माणसांत तें सुमारें सहा मीटर भरतें. नवजात बालकांतहि अडीच ते तीन मीटर असतें, म्हणजे त्या बालकाच्या उंचीच्या पांचपट किंवा त्याहूनहि अधिक. अन्नाचा जो अंश अंगीं लागतो तो मुख्यतः येथेंच शोषला जातो. त्याच्यानंतर मोठें आंतडें. वरच्या दारानें जठरापर्यंत आणि खालच्या दारानें मोठ्या आंतड्यापर्यंत मनुष्याची नजर कालांतरानें पोंचली; परंतु मधला हा वेटोळ्यांचा प्रदेश विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बव्हंशीं अंधारांतच राहिला. तो सबंध पाहावयाचा तर बहुधा पोट उघडण्यावांचून गत्यंतर नसे.

या अंधारावर प्रकाश पाडण्याचा पहिला प्रयत्न मेणबत्तीनें झाला. जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें फिलिप बोझिनी नांवाच्या तरुण वैद्यानें १८०६ च्या सुमारास एक उपकरण तयार केलें. एका पेटींत मेणबत्ती, तिच्याजवळ आरसा, आणि पुढें नळी. नळींतून प्रकाश शरीराच्या पोकळींत पाडावयाचा व त्याच नळींतून पाहावयाचें, अशी ती युक्ति होती. बोझिनी १८०९ सालीं, अवघे ३५ वर्षांचे असतांना, टायफस तापानें वारले. त्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं, १८६८ सालीं, फ्रायबुर्ग येथील अडोल्फ कुसमाउल यांनीं ४७ सेंटिमीटर लांबीची धातूची सरळ नळी जठरापर्यंत उतरवून दाखविली. ती ज्याच्या घशांतून उतरली तो साधा रोगी नव्हता. तरवारी गिळून दाखविण्याचा धंदा करणारा तो एक कसबी मनुष्य होता. जठरदर्शनाच्या विद्येला आरंभींच असा माणूस शोधावा लागला, यावरून ती विद्या तेव्हां कोणाच्या उपयोगाची होती व कोणाच्या नव्हती, हें उघड होतें. १९३२ सालीं म्यूनिकचे रुडोल्फ शिंडलर यांनीं अर्धवट वांकणारी दुर्बीण सिद्ध केली तेव्हां रोग्याची यातना पुष्कळ कमी झाली. तथापि तिची नजरहि जठरापलीकडे जात नव्हती.

दरम्यान दुसरा एक मार्ग उघडला होता. १८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलें अन्न चारून त्यांच्या पचनमार्गाच्या हालचाली पडद्यावर पाहूं लागला. पुढें बिस्मथची जागा बेरियमनें घेतली, आणि बेरियमचें पांढरें पेय पाजून आंतड्याचें छायाचित्र घेण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली. मुलांना ही पद्धति त्यांतल्या त्यांत सोसण्याजोगी होती. परंतु छाया ती छायाच! आंतडें कोठें अरुंद झालें आहे, कोठें फुगलें आहे, हें तिच्यांत कळतें. आंतल्या अस्तरावरचा बारीक व्रण, किंवा एखाद्या रक्तवाहिनींतून थेंबाथेंबानें झिरपणारें रक्त तिच्यांत दिसत नाहीं.

मुलांच्या संबंधांत या विद्येचा आरंभ कसा झाला तेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फिलाडेल्फिया येथें शेव्हलियर जॅक्सन नांवाचे शल्यवैद्य रोग्यांच्या, विशेषतः मुलांच्या, श्वासनलिकेंत व अन्ननलिकेंत अडकलेल्या वस्तु नळीवाटे बाहेर काढण्याविषयीं प्रसिद्ध होते. नाणीं, गुंड्या, टांचण्या, खेळण्यांचे तुकडे अशा दोन हजारांहून अधिक वस्तु त्यांनीं जपून ठेवल्या, आणि त्या आजहि तेथील म्यूटर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. घरगुती दाहक क्षारांच्या डब्यांवर धोक्याची सूचना छापलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेंत १९२७ सालीं झाला, त्याच्यामागेंहि जॅक्सन यांचीच खटपट होती. मुलानें गिळूं नये तें गिळलें म्हणजे तें बाहेर काढावयाचें, एवढाच मुलाचा आणि दुर्बिणीचा प्रारंभीचा संबंध. त्याच वैद्यकानें पुढें एक दिवस आईबापांना सांगावें, कीं ही दिव्याची व बॅटरीची गुटिका मुलाला गिळूं द्या, हा कालाचा मोठाच पालट म्हणावयाचा.

त्या पालटाआधीं आणखी दोन पायऱ्या झाल्या. पहिली पायरी कांचेच्या तंतूंची. १९५४ सालीं लंडन येथील हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबांतील मोगा गांवीं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखवून दिलें, कीं केंसासारख्या बारीक कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र वांकड्या वाटेनेंहि नेतां येतें. तो लेख वाचून बेसिल हर्शोविट्झ यांनीं अमेरिकेंत मिशिगन येथें लवचिक दुर्बीण तयार केली आणि १९५७ सालीं ती प्रथम स्वतःच्या घशांतून उतरविली. १९७० नंतरच्या काळांत या दुर्बिणी मुलांना पेलतील इतक्या बारीक झाल्या. तथापि मूल मोठ्या माणसाप्रमाणें स्वस्थ पडून राहत नाहीं; त्याच्यासाठीं बहुधा गुंगी किंवा भूल द्यावी लागते. आणि एवढें करूनहि वरून जाणारी दुर्बीण लहान आंतड्याच्या आरंभापर्यंत व खालून जाणारी त्याच्या शेवटच्या टोंकापर्यंतच पोंचते.

दुसरी पायरी गिळावयाच्या डबीची. १९५७ सालींच अमेरिकन सैन्यांतील रक्तरोगतज्ज्ञ विल्यम क्रॉस्बी व त्यांचे सहकारी हाइन्झ कुग्लर यांनीं एक छोटी धातूची डबी तयार केली. बारीक नळीच्या टोंकाला बांधलेली ही डबी रोग्यानें गिळावयाची. ती लहान आंतड्यांत पोंचली म्हणजे बाहेरून हवा ओढावयाची. त्यासरशीं आंतलें पातें फिरून अस्तराचा कणभर तुकडा कापला जाई. गहूं न मानवणाऱ्या मुलांच्या सीलिॲक रोगाचें निदान पुढें कित्येक वर्षें अशा डबीनें होत असे. तो रोग गव्हानें बळावतो, हें नेदरलँड्समधील बालवैद्य विलेम डिके यांनीं १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें होतें, आणि तें त्यांनीं मुलांचा आहार व वजन वर्षानुवर्षें बारकाईनें पाहून ठरविलें होतें. ही गोष्ट पुढें आपल्या उपयोगी पडणार आहे.

गिळावयाच्या कॅमेऱ्याची कल्पना वैद्याच्या नव्हे, तर एका अभियंत्याच्या डोक्यांतून निघाली. इस्रायलमधील गॅव्रिएल इद्दान हे क्षेपणास्त्रांच्या टोंकाशीं बसवावयाच्या दृष्टियंत्रांचें काम करीत. १९८१ सालीं ते बोस्टन येथें राहत असतां एतान स्कापा या आंतड्याच्या वैद्याशीं त्यांचा स्नेह जमला, आणि लवचिक दुर्बिणीला लहान आंतडें दिसत नाहीं ही अडचण त्यांच्या कानीं आली. दुर्बीण ढकलण्याऐवजीं डोळाच आंत सोडून दिला तर? अन्न पुढें ढकलण्याची शक्ति आंतड्यांत उपजत आहेच. परंतु त्या काळचे कॅमेरे इतकी वीज खात, कीं गुटिकेंत मावणारी बॅटरी थोड्याच मिनिटांत संपून जाई. १९९० नंतर अमेरिकेच्या अवकाश-संशोधनांत अल्प विजेवर चालणारी नवी चित्रग्राहक चकती निघाली आणि ही अडचण दूर झाली. तिकडे लंडन येथें पॉल स्वेन हे वैद्य स्वतंत्रपणें याच वाटेनें चालले होते. दोघांचे प्रयत्न एकत्र आले, आणि १९९९ च्या ऑक्टोबरांत स्वेन यांनीं इस्रायलमध्यें स्वतः ती गुटिका गिळली. हर्शोविट्झ यांच्याप्रमाणेंच येथेंहि पहिलें पोट संशोधकाचेंच! मे २००० मध्यें 'नेचर' नियतकालिकांत हा शोध जाहीर झाला, आणि ऑगस्ट २००१ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें प्रौढांसाठीं त्याला परवानगी दिली.

ही गुटिका लहानशा जांभळाएवढी असते: २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड, वजन चार ग्रॅमच्या आंतबाहेर. एका टोंकाला पारदर्शक घुमट, त्याआड बारीक दिवे, भिंग व चित्रग्राहक; मागें बॅटऱ्या; आणि शेवटीं बिनतारी संदेश धाडणारें यंत्र. आपण ज्या लहरींच्या द्वारें हें भाषण ऐकत आहां त्याच जातीच्या लहरींनीं ती गुटिका पोटांतून चित्रें बाहेर धाडते, आणि कमरेच्या पट्ट्यांतील यंत्र तीं टिपून घेतें. पहिल्या गुटिका सेकंदाला दोन चित्रें घेत व सुमारें आठ तास चालत. म्हणजे एका तपासणींत पन्नास हजारांहून अधिक चित्रें होत. तपासणीपूर्वीं रोग्याला उपास करावा लागतो व बहुधा पोट साफ करण्याचें औषध घ्यावें लागतें. मग मूल खेळूं शकतें, चित्रें काढूं शकतें, कांहीं तासांनीं खाऊंहि शकतें. शेवटीं गुटिका मलावाटे बाहेर पडते व टाकून दिली जाते.

हें सर्व ऐकून वाटेल, कीं हें साधन मुद्दाम मुलांसाठींच निघालें असावें. सुई नाहीं, भूल नाहीं, क्ष-किरण नाहींत. तरी येथेंहि मुलाची पाळी मागाहूनच आली. कॅनडांत माँट्रियल येथील सेंत-जुस्तीन या मुलांच्या रुग्णालयांत अर्नेस्ट सायडमन व त्यांचे सहकारी यांनीं १० ते १८ वर्षांच्या ३० मुलांवर याची पद्धतशीर परीक्षा केली. अमेरिकेंत १० वर्षांवरील मुलांसाठीं २००३ सालीं परवानगी मिळाली, आणि २ वर्षांवरील लहानग्यांसाठीं २००९ सालीं. गुटिका मात्र मुलासाठीं लहान झाली नाहीं. सहा फुटी गृहस्थ जी गिळतो तीच दोन वर्षांच्या बाळाच्या पोटांत जावयाची!

याचा परिणाम काय झाला तो २००९ सालींच प्रसिद्ध झालेल्या युरोपांतील एका पाहणींत स्पष्ट दिसतो. तींत आठ वर्षांखालील ८३ मुलें होतीं. सर्वांत धाकटें दीड वर्षाचें. प्रत्येकाला आधीं गुटिका गिळून पाहण्यास सांगितलें. २० जणांना तें साधलें, आणि त्यांतलें एकहि चार वर्षांखालचें नव्हतें. उरलेल्या ६३ मुलांच्या पोटांत ती दुर्बिणीच्या साह्यानें नेऊन ठेवावी लागली. म्हणजे ज्या दुर्बिणीपासून व भुलीपासून सुटका व्हावी म्हणून गुटिका निघाली, तीं दोन्हीं लहान मुलाच्या बाबतींत परत आलींच. मग लाभ तो काय? लाभ असा, कीं दुर्बिणीला आतां फक्त दारापर्यंत जाऊन गुटिका पलीकडे सोडावयाची असते. पुढचा कित्येक मीटरांचा प्रवास गुटिका एकटीच करते. त्या पाहणींत, रक्त कोठून जातें हें कळत नसलेल्या ३० मुलांपैकीं १६ जणांत गुटिकेला दोष सांपडला. ज्या मुलाला पुनःपुन्हां रक्त चढवावें लागतें त्याच्या आईबापांना या आंकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. थोड्या मोठ्या मुलांसाठीं कांहीं रुग्णालयांत गोड गोळ्यांवर गिळण्याचा सराव आधीं करून घेतात. कोणा यंत्रज्ञाला न सुचलेली ही युक्ति फार कामाची आहे.

गुटिकेला सांपडतें तरी काय? एक, क्रोन यांच्या नांवानें ओळखला जाणारा आंतड्याचा दाह. १९३२ सालीं न्यूयॉर्कमधील तीन वैद्यांनीं त्याचें वर्णन केलें. मुलांत तो पुष्कळदां वाढ खुंटण्याच्या रूपानेंच प्रथम प्रकट होतो. दुसरें, आंतड्यांत वाढणारे पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब. पॉइट्झ यांनीं १९२१ सालीं व जेगर्स यांनीं १९४९ सालीं वर्णिलेल्या एका आनुवंशिक विकारांत मुलाच्या ओंठांवर काळसर ठिपके दिसतात आणि आंतड्यांत असे कोंब वाढतात. कोंब मोठा झाला म्हणजे आंतड्याचा एक भाग दुसऱ्यांत ओढला जातो व प्राणावर बेततें. अशा मुलाचें लहान आंतडें, त्रास नसला तरी, आठव्या वर्षाच्या सुमारास एकदां पाहून घ्यावें, असें युरोपांतील बालवैद्यांचें आजचें मत आहे. तिसरें, रक्तवाहिन्यांचे दोष व व्रण. आपल्या देशांत अंकुशकृमींची आठवण ठेवावी लागते. मोठाल्या यंत्रांनीं शोधलेल्या रक्तक्षयाचें मूळ शेवटीं गुटिकेच्या चित्रांत, अस्तराला चिकटलेल्या या जुन्याच शत्रूच्या रूपानें, दिसल्याचीं उदाहरणें आहेत.

परंतु या साधनाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. आंतडें कोठें अरुंद झालें असेल तर गुटिका तेथें अडकून बसते. मुलांत हें शंभरांत सुमारें दोघांच्या बाबतींत घडतें, आणि क्वचित् ती काढण्यासाठीं शस्त्रक्रिया करावी लागते. क्रोनच्या रोगांत असें अरुंदपण येतें. तसेंच आंतड्याच्या क्षयांतहि येतें. क्षय अद्याप ज्या देशांतून गेलेला नाहीं त्या आपल्या देशांत हा विचार आधीं केला पाहिजे. यावर एक चतुर तोड निघाली आहे. दुग्धशर्करा व बेरियम यांची तशीच, पण कॅमेऱ्यावांचूनची गुटिका आधीं गिळावयास देतात. ती वेळेवर अखंड बाहेर पडली तर वाट मोकळी. अडकली तर तीस-एक तासांनंतर आपोआप विरघळूं लागते. दुसरें असें, कीं गुटिका खरी सोडून देईपर्यंत रोग्याला चुंबकीय चित्रण करवून घेतां येत नाहीं. आणि तिसरें, गुटिकेला डोळा आहे पण हात नाहीं. ती थांबूं शकत नाहीं, मागें वळूं शकत नाहीं, तुकडा घेऊं शकत नाहीं. दोष दिसला तर पुढील कामासाठीं दुसरें साधन लागतें. जपानांतील हिरोनोरी यामामोतो यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेली, फुग्यांच्या आधारानें आंतडें मागें सारीत जाणारी लांब दुर्बीण हें अशांपैकीं एक होय.

मग पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गुटिका द्यावी काय? येथें ब्रिस्टलचे बालवैद्य जॉन ॲपली यांचें काम आठवावें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें १९५८ सालीं शाळेंतील १,००० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहा मुलांपैकीं सुमारें एकाचें पोट वारंवार दुखत असे, आणि त्यांतील फारच थोड्यांत शरीराचा प्रत्यक्ष रोग होता. बाकीच्यांचें दुखणें खोटें नव्हतें. पण त्याचें मूळ कॅमेऱ्याला दिसण्याजोगें नव्हतें. म्हणून वजन घटणें किंवा उंची न वाढणें, मलांतून रक्त जाणें, कारणावांचून रक्तक्षय होणें, दुखण्यानें मूल रात्रीं झोपेंतून जागें होणें, दीर्घकाळ ताप किंवा जुलाब असणें, अशीं लक्षणें पाहून, रक्त व मल तपासून, साध्या दुर्बिणीचा उपयोग करून झाल्यावरच लहान आंतड्याची शंका धरावी, असा क्रम आहे. डिके यांनीं जो शोध लावला तो वजनाचा कांटा, आहाराची नोंदवही आणि धीर या साधनांनीं लावला. तीं साधनें अद्याप जुनीं झालेलीं नाहींत, आणि तीं प्रत्येक घरांत आहेत.

मुलाच्या वाढीची वही ठेवणारी आई आणि ती वही लक्षपूर्वक वाचणारा वैद्य, एवढें असेल तर गुटिका योग्य मुलापर्यंत व योग्य वेळीं पोंचते. तें नसेल तर पन्नास हजार चित्रेंहि नुसतीं चित्रेंच राहतात. पुढील काळांत गुटिका याहून लहान होईल, चित्रें चाळण्याचें कंटाळवाणें काम संगणक आतांच करूं लागला आहे, आणि बाहेरून चुंबकानें तिला वळविण्याचे प्रयोगहि चालू आहेत. या सुधारणा कोणाच्या मापानें प्रथम होतात, हें मात्र आपण लक्ष ठेवून पाहिलें पाहिजे. दोनशे वर्षें मूल रांगेंत शेवटीं उभें होतें. पुढचें साधन घडवितांना त्याचें माप आधीं घेतलें जावें, अशी मागणी मूल स्वतः करूं शकत नाहीं. ती त्याच्या वतीनें मोठ्यांनींच केली पाहिजे.